शुश्रूषा करणाऱ्याची शुश्रूषा

(ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व आरोग्य कर्मचारी यांच्या मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



कृत्रिम मूत्रपिंडाच्या साहाय्याने ज्या रुग्णाचे प्राण पहिल्यांदा वाचले, तो रुग्ण तरुण नव्हता. नेदरलँड्समधील कांपेन या लहानशा गावी डॉ. विलेम कोल्फ यांनी १९४३ मध्ये आपले यंत्र वापरण्यास प्रारंभ केला. युद्धाचे दिवस होते, साहित्याचा दुष्काळ होता. सेलोफेनची नळी लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळून त्यांनी ते यंत्र सिद्ध केले. आरंभीचे बहुतेक रुग्ण दगावले. सप्टेंबर १९४५ मध्ये मात्र बेशुद्धावस्थेत आणलेली ६७ वर्षांची एक वृद्धा या उपचारानंतर शुद्धीवर आली आणि पुढे काही वर्षे जगली.

त्यानंतरचा इतिहास वृद्धांच्या दृष्टीने उलट्या दिशेने गेला. १९६० मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातातील रक्तवाहिन्यांना जोडून ठेवता येईल अशी नळी तयार केली आणि त्यामुळे एकाच रुग्णावर पुनःपुन्हा डायलिसिस करणे शक्य झाले. यंत्रे थोडी आणि रुग्ण फार, अशी स्थिती असल्याने कोणास उपचार द्यावयाचा हे ठरविण्यासाठी तेथे नागरिकांची एक समिती नेमावी लागली. त्या वेळी ४५ वर्षांवरील रुग्णांचा विचारच होत नसे. आज ते बंधन आपल्याकडे उरलेले नाही. जिल्हा रुग्णालयाच्या डायलिसिस कक्षात डोकावले तर साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे खाटांवर दिसतात. मधुमेह व उच्च रक्तदाब ही मूत्रपिंड निकामी होण्याची प्रमुख कारणे होत आणि हे दोन्ही विकार वयाबरोबर वाढत जातात. २०११ च्या जनगणनेत देशातील साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या १० कोटींहून अधिक भरली. तेव्हा हे चित्र अनपेक्षित नाही.

परंतु आजचा विषय खाटेवरच्या रुग्णाचा नाही. कक्षाबाहेरच्या बाकावर हातात पिशवी घेऊन जी दुसरी व्यक्ती बसलेली असते, तिच्याविषयी हे भाषण आहे. ती कधी सून असते, कधी मुलगी, कधी मुलगा आणि पुष्कळदा स्वतः सत्तरीच्या घरात असलेली पत्नी. रुग्णाच्या कागदपत्रांत रक्तगटापासून वजनापर्यंत सर्व नोंदी असतात. या दुसऱ्या व्यक्तीविषयी झालीच तर दूरध्वनी क्रमांकापुरती नोंद होते.

१५६ दिवसांचा हिशोब

निरोगी मूत्रपिंडे आठवड्याचे १६८ तास अखंड काम करीत असतात. त्यांचे काम यंत्राकडून करून घ्यावयाचे म्हणजे साधारणतः आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी चार तास, रुग्णास यंत्राशी जोडावे लागते. म्हणजे १६८ तासांचे काम १२ तासांत. या ओढाताणीचा परिणाम वृद्ध शरीरावर काय होत असेल, याची कल्पना या दोन आकड्यांवरून यावी. खर्च वा अंतर यांमुळे पुष्कळ रुग्ण आठवड्यातून दोनच वेळा येतात. त्यांच्या अंगात पाणी साठणे, दम लागणे, पायांवर सूज येणे हे प्रकार अधिक होतात.

आता सोबत येणाऱ्याचा हिशोब मांडावा. उपचार चार तासांचा. परंतु पहाटेची तयारी, एस. टी. चा प्रवास, कक्षातील प्रतीक्षा, उपचारानंतर रक्तदाब स्थिर होईपर्यंतचा वेळ आणि परतीची गाडी हे सर्व मिळून संबंध दिवस जातो. आठवड्याचे तीन दिवस म्हणजे वर्षाचे १५६ दिवस. दोन वेळा म्हटले तरी १०४. शेतमजुरी करणाऱ्या घरात याचा अर्थ तितक्या दिवसांची मजुरी बुडाली असा होतो. दुकानदाराच्या घरात दुकान तितके दिवस बंद किंवा दुसऱ्याच्या भरवशावर राहते. नोकरदाराच्या रजा तर पहिल्या काही महिन्यांतच संपतात.

याला सुटी नाही. पेरणीचे दिवस असोत, घरात लग्नकार्य असो, दिवाळी असो, सोमवार-बुधवार-शुक्रवार हे वार ठरलेले असतात. एक पाळी चुकली तर त्याचे प्रायश्चित्त रुग्णास श्वासासाठी धडपडून भोगावे लागते, हे सोबत्याने एकदा तरी पाहिलेले असते. त्यामुळे स्वतःला ताप आला तरी तो गाडी चुकवीत नाही.

जर्जरता म्हणजे काय

वय आणि जर्जरता या दोन गोष्टी एक नव्हेत. ऐंशी वर्षांचे काही गृहस्थ काठी न घेता मळ्यात जाऊन येतात आणि पासष्टीच्या काहींना उंबरा ओलांडणे कठीण जाते. २००१ मध्ये डॉ. लिंडा फ्राइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जर्जरतेची पाच लक्षणे निश्चित केली. कारण नसता वजन घटणे, सतत थकवा वाटणे, मुठीची पकड ढिली होणे, चालण्याची गती मंदावणे आणि एकंदर हालचाल कमी होणे, ही ती लक्षणे होत. यांपैकी तीन वा अधिक आढळल्यास व्यक्ती जर्जर समजावी. ही लक्षणे पाहण्यास यंत्र लागत नाही. घरातील माणसांना ती डॉक्टरांच्या आधी कळतात. फक्त तिकडे ‘म्हातारपणच आहे ते’ म्हणून पाहिले जाते.

जर्जर रुग्णावर डायलिसिस सुरू झाले की सोबत्याचे काम कितीतरी पटींनी वाढते. उपचारानंतर रक्तदाब उतरतो, पाय लटपटतात, आणि घराच्या पायरीवर किंवा न्हाणीघरात पडण्याचा धोका असतो. मांडीचे हाड मोडले तर त्या घराची घडीच विस्कटते. म्हणून उपचाराच्या दिवशी रुग्णास धरून उठविणे, शौचास नेणे, कूस बदलणे ही कामे आलीच. ही कामे कशी करावीत हे शिकविणारे मात्र कोणी नसते. कमरेत वाकून, एका झटक्यात उचलण्याची पद्धत सर्वत्र दिसते आणि वर्षभरात उचलणाऱ्याची कंबर धरते. रुग्णालयातील भौतिकोपचार तज्ज्ञाने पंधरा मिनिटे प्रात्यक्षिक दाखविले तर हे टळू शकते: पाय फाकवून उभे राहावे, गुडघ्यांत वाकावे, रुग्णास आपल्या अंगाजवळ आणावे, त्याचा जोरही वापरून घ्यावा आणि पाठ सरळ ठेवून उठावे. खाटेची उंची विटा लावून वाढविली आणि न्हाणीघरात पकडण्यासाठी लोखंडी नळी बसविली, तर ही सर्व कामे निम्म्या कष्टात होतात. गावातला गवंडी ती नळी एका दुपारी बसवून देतो.

घोटभर पाणी

या घरांतील सर्वांत मोठा कलह पाण्यावरून होतो, हे बाहेरच्यांना सांगितल्यास खरे वाटत नाही. मूत्रपिंडे काम करीत नसल्याने प्यालेले पाणी शरीरात साठते. रुग्णास दिवसभरात जितकी लघवी होते तितके, अधिक सुमारे अर्धा लिटर, एवढेच पाणी देण्याचा सर्वसाधारण प्रघात आहे. नेमके प्रमाण डॉक्टर ठरवून देतात. त्यात चहा, ताक, आमटी, सारे आले. विदर्भ-मराठवाड्याचा उन्हाळा, घशाला कोरड, आणि समोर माठ.

“सूनबाई, घोटभर पाणी दे.”

“मामंजी, सकाळपासून बाटली संपत आली. डॉक्टरांनी काय सांगितलंय?”

“डॉक्टर राहू दे. तू देतेस की नाही?”

हे चित्र कोणा एका घराचे नाही. ज्या संस्कृतीत तहानलेल्याला पाणी देणे हे पुण्यकर्म मानले जाते, उन्हाळ्यात वाटसरूंसाठी पाणपोया घातल्या जातात, तेथे घरातील वडीलधाऱ्यास पाणी नाकारण्याचे काम त्या सुनेवर येऊन पडले आहे. दिले तर रात्री दम लागतो. न दिले तर शेजारणी ऐकतात. दोन्हीकडून दोष तिचाच. डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील एका ओळीने घरात केवढा भार टाकला, हे चिठ्ठी लिहिणाऱ्यास बहुधा ठाऊक नसते.

यावर काही साधे उपाय आहेत. दिवसाचे पाणी सकाळीच एका बाटलीत मोजून भरावे आणि बाटली रुग्णाच्याच स्वाधीन करावी. मग हिशोब त्याचा त्याने ठेवावा. नाकारणारी व्यक्ती मधून दूर झाली की निम्मे भांडण मिटते. मोठ्या पेल्याऐवजी लहान वाटी वापरावी, चूळ भरून टाकण्यास द्यावी, बर्फाचा लहान खडा चघळण्यास द्यावा (तोही हिशोबात धरावा). आणि मुख्य म्हणजे मीठ कमी करावे, कारण तहान मिठाने लागते. लोणचे, पापड, फरसाण बंद झाले की पाण्याचा हट्टही पुष्कळ ओसरतो. येथे एक धोका सांगणे आवश्यक आहे. कमी सोडियमचे म्हणून बाजारात जे मीठ मिळते, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. डायलिसिसच्या रुग्णास ते हृदयक्रिया बंद पाडण्याइतके अपायकारक ठरू शकते. ‘आरोग्यास चांगले’ म्हणून हौसेने आणलेली वस्तू घात करते, ती अशी. नारळपाण्याचीही तीच गोष्ट.

भाज्या बारीक चिरून कोमट पाण्यात भिजवून ते पाणी टाकून देण्याची रीत आहारतज्ज्ञ सांगतात, ती पोटॅशियम कमी करण्यासाठीच. म्हणजे रुग्णाचा स्वयंपाक वेगळा आला. ज्या घरात आधीच एक मधुमेही आणि दोन शाळकरी मुले आहेत, तेथे चुलीवर तीन प्रकार शिजतात. शिजविणारी मात्र उरलेसुरले उभ्याउभ्या खाते.

जे मोजले जात नाही

मनावरील भाराचे मोजमाप करण्याचा प्रयत्न शास्त्रज्ञांनी केला आहे. १९८० मध्ये स्टीव्हन झॅरिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची काळजी घेणाऱ्या आप्तांसाठी २९ प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. पुढे ती २२ प्रश्नांची झाली आणि अन्य रोगांतही वापरली जाऊ लागली. स्वतःसाठी वेळ उरतो का, प्रकृतीवर परिणाम झाला आहे का, रुग्णाजवळ असताना राग येतो का, पैसे पुरतात का, या स्वरूपाचे ते प्रश्न आहेत. रागाविषयीचा प्रश्न विशेष महत्त्वाचा. आपल्याकडे सेवा करणाऱ्याने रागावू नये अशी अपेक्षा असते. राग आलाच तर तो पाप म्हणून गिळला जातो. वास्तविक चार वर्षे रात्रीची झोप मोडलेल्या माणसास राग न येणे हेच अस्वाभाविक म्हणावे लागेल. डायलिसिसच्या रुग्णास रात्री खाज सुटते, पायांत गोळे येतात, पाय स्थिर राहत नाहीत. तो जागा म्हणजे शेजारचाही जागा.

काळजी घेणाऱ्यांत थकवा, पाठदुखी, निद्रानाश, उदासीनता यांचे प्रमाण मोठे असते. त्यांच्या स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपतात आणि आठवडे लोटतात; रुग्णाची एकही गोळी चुकत नाही. हळूहळू जाणे-येणे तुटते. बारशाचे बोलावणे येते, जाता येत नाही. चार वेळा गेले नाही की पाचव्यांदा बोलावणेही येत नाही. मनात एक भय कायमचे घर करते: आपण दिलेल्या एखाद्या पदार्थाने काही झाले तर? यासाठीच २०२२ च्या १० ऑक्टोबर रोजी केंद्र शासनाने ‘टेली-मानस’ ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर मनाच्या त्रासाविषयी प्रादेशिक भाषेत बोलता येते. हा क्रमांक वेडावरचा इलाज म्हणून नव्हे, तर थकलेल्या माणसाने बोलावे म्हणून आहे, असे समजावून सांगण्याचे काम शिक्षक व आशा कार्यकर्ती यांनाच चांगले जमेल. ज्येष्ठांसाठी असलेला १४५६७ हा क्रमांकही ग्रामपंचायतीच्या फलकावर असावा.

एक गोष्ट स्पष्टपणे बोलली पाहिजे. सेवेचा भार घरातील स्त्रियांवर पडतो आणि निर्णय पुरुष घेतात, अशी स्थिती बहुसंख्य घरांत आहे. पुण्या-मुंबईस राहणारा थोरला मुलगा दूरध्वनीवर सूचना देतो; महिन्यातून एकदा येतो, तेव्हा फळे आणतो. ती फळे बहुधा केळीच असतात, आणि केळी तर वर्ज्य! त्याचे प्रेम खोटे नाही. परंतु वर्षातून पंधरा दिवस येऊन त्याने स्वतः रुग्णास कक्षात नेले, तर त्या घरातील बाईस पंधरा दिवसांचा श्वास मिळेल. पैसे पाठविणे ही मदत आहेच; पाळी घेणे ही त्याहून मोठी मदत होय.

शासनाने काय केले, आणि कोणासाठी

रुग्णासाठी पुष्कळ झाले आहे, हे नमूद केले पाहिजे. २०१६-१७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाची घोषणा झाली आणि जिल्हा रुग्णालयांत गरीब रुग्णांसाठी विनामूल्य डायलिसिसची सोय होऊ लागली. महाराष्ट्रात त्याआधीच, २ जुलै २०१२ रोजी, राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली होती. २०१३ मध्ये ती राज्यभर लागू झाली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. डायलिसिसचा त्या योजनेत समावेश आहे आणि संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र कागदपत्रांबाबत साहाय्य करतो. २९ ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान भारत योजनेखाली ७० वर्षे वा त्याहून अधिक वयाच्या सर्व नागरिकांना, उत्पन्नाची अट न लावता, उपचारासाठी वार्षिक पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण खुले झाले. आपल्या गावातील किती सत्तरी ओलांडलेल्यांकडे हे कार्ड आहे, याची यादी ग्रामसेवकास एका आठवड्यात करता येईल.

प्रवासाचे पाहू. राज्य परिवहनाच्या गाडीत ७५ वर्षांवरील प्रवाशास २०२२ च्या ऑगस्टपासून विनामूल्य प्रवास आहे. ६५ वर्षांवरील प्रवाशास अर्धे भाडे. मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट झाले. म्हणजे म्हाताऱ्या वडिलांबरोबर मुलगी वा सून गेली तर तिला अर्धे भाडे आणि मुलगा गेला तर पूर्ण! सवलतीच्या हिशोबानेही सेवा स्त्रीकडेच ढकलली जाते, हा योगायोग असला तरी लक्षात घेण्याजोगा आहे. रेल्वेने मात्र एक समंजसपणा दाखविला आहे. डायलिसिससाठी प्रवास करणाऱ्या मूत्रपिंडाच्या रुग्णास द्वितीय व शयनयान श्रेणीत ७५ टक्के सवलत आहे आणि त्याच्या एका सोबत्यासही तेवढीच. सोबती हा उपचाराचा भाग आहे, हे तत्त्व तेवढ्या एका कलमात मान्य झालेले दिसते.

अन्यत्र ते अद्याप मान्य झालेले नाही. २००७ चा मातापिता व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा मुलांचे कर्तव्य सांगतो. कर्तव्य बजावून थकलेल्याचे काय, हा त्याचा विषय नाही. या बाबतीत केरळचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्या राज्याने २००८ मध्ये वेदनाशमन व परिहार सेवेचे धोरण स्वीकारले आणि स्थानिक स्वराज्य संस्थांकडे गृहसेवेची जबाबदारी सोपविली. परिचारिका खाटेस खिळलेल्या रुग्णाच्या घरी जाते आणि घरच्यांचीही विचारपूस करते. ‘आश्वासकिरणम्’ या नावाने तेथे अशा रुग्णांची देखभाल करणाऱ्या आप्तांसाठी अल्पसे मासिक साहाय्यही ठेवण्यात आले. रक्कम लहान आहे. परंतु शासनाच्या नोंदवहीत त्या आप्ताचे नाव लिहिले गेले, ही बाब लहान नव्हे.

घरी होणारे डायलिसिस

पोटाच्या आवरणातून केले जाणारे डायलिसिस घरी करता येते. पोटात बसविलेल्या नळीतून साधारणतः दोन लिटर द्रव सोडावयाचा, काही तासांनी तो काढून नवा भरावयाचा, असे दिवसातून तीन-चार वेळा. प्रत्येक वेळी अर्धा तास पुरतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात ही पद्धती रूढ होऊ लागली आणि आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमातही २०१९ पासून तिचा अंतर्भाव झाला. दुर्गम भागातील वृद्धास ती सोयीची वाटते, कारण प्रवास वाचतो. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जर्जर रुग्णास पिशवी स्वतः बदलता येत नाही. ती घरच्या माणसाने बदलावी लागते, हात स्वच्छ धुऊन, दार-खिडकी लावून, पंखा बंद करून. बाहेर येणारा द्रव गढूळ दिसला किंवा पोट दुखले, तर जंतुसंसर्ग समजून त्वरित रुग्णालय गाठावे लागते. आठवड्याचे तीन दिवस जाऊन त्यांच्या जागी रोजचे चार वेळचे काम येते आणि ज्या दिवशी यंत्र नाही, तो मोकळा दिवसही जातो. फ्रान्समध्ये वृद्ध रुग्णांच्या घरी परिचारिका येऊन हे काम करतात. आपल्याकडे तशी व्यवस्था होईपर्यंत घरातील किमान दोघांनी ते शिकून घ्यावे. एकाच माणसास शिकविले तर त्यास आजारी पडण्याचीही सोय राहत नाही.

गावाच्या हाती असलेल्या गोष्टी

निधीची वाट न पाहता करता येण्यासारखे बरेच आहे. ज्या गावातून वा शेजारच्या दोन गावांतून तीन-चार रुग्ण एकाच केंद्रात जातात, त्यांच्या पाळ्या एकाच दिवशी व एकाच वेळी लावून द्याव्यात, अशी विनंती सरपंचाने केंद्रास लेखी करावी. मग एक जीप पुरते आणि चार रुग्णांबरोबर चार सोबती जाण्याची गरज उरत नाही. प्रकृती स्थिर असलेल्यांसाठी दोघे पुरतात. उरलेल्या दोघांचे शेत त्या दिवशी ओस पडत नाही. ज्या केंद्राची शेवटची पाळी शेवटच्या एस. टी. नंतर संपते, तेथे लांबच्या रुग्णांना सकाळची पाळी मिळावी, एवढे साधे सूत्रही अनेक ठिकाणी पाळले जात नाही. कक्षाबाहेर पाठ टेकता येईल असे बाक, पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छतागृह यांची मागणी रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत करता येते.

आशा कार्यकर्ती अशा घरी जाते, तेव्हा तिने रुग्णाबरोबर सोबत्याचाही रक्तदाब तपासून घेण्याची व्यवस्था करावी. रुग्णाच्या ज्या हातावर डायलिसिससाठी रक्तवाहिन्या जोडलेल्या असतात, त्या हाताचा रक्तदाब घेऊ नये, त्यावर सुई टोचू नये, त्या हाताने ओझे उचलू नये. तेथे बोट ठेवल्यास जाणवणारी थरथर बंद झाल्यास त्याच दिवशी रुग्णालयास कळवावे. एवढे घरातील प्रत्येकास, अगदी शाळकरी मुलालाही, ठाऊक असावे.

शाळकरी मुलांचा उल्लेख आला तो सहज नाही. ठरलेल्या वारीच वर्गात गैरहजर राहणारी एखादी सातवी-आठवीतील मुलगी शिक्षकांनी हजेरीपटावर शोधून पाहावी. आई आजोबांना घेऊन रुग्णालयात गेलेली असते आणि धाकट्या भावंडांचे जेवण या मुलीकडे असते. तिला छडी किंवा दंड नको. तिच्या घरी एक फेरी मारली आणि शेजारच्या घराने त्या तीन दिवशी दुपारची भाकरी द्यावी असे ठरवून दिले, तर तिचे वर्ष वाचते.

शेजाऱ्यांनी ‘काही लागले तर सांगा’ असे म्हणू नये. सांगितले जात नाही. ‘गुरुवारी दुपारी दोन तास आम्ही बसतो, तुम्ही झोपा’ असे म्हटले की ते घेतले जाते.

अवघड प्रश्न

अखेरीस एका नाजूक विषयाकडे वळणे भाग आहे. डायलिसिसने प्रत्येक जर्जर वृद्धाचे आयुष्य सुखाचे होते असे नाही. अमेरिकेतील शुश्रूषागृहांत राहणाऱ्या वृद्धांविषयी २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले की, डायलिसिस सुरू केल्यानंतर वर्षभरात ५८ टक्के रुग्ण मरण पावले आणि पूर्वीइतकी हालचाल करण्याची शक्ती केवळ १३ टक्के रुग्णांत टिकून राहिली. ते रुग्ण आधीपासूनच परावलंबी होते. तेव्हा हे आकडे आपल्या घरातील चालत्याफिरत्या आजोबांना जसेच्या तसे लावू नयेत. परंतु उपचार सुरू करण्यापूर्वी डॉक्टर, रुग्ण आणि घरची मंडळी यांनी एकत्र बसून बोलावे, इतका अर्थ त्यातून निश्चित निघतो. डायलिसिस न करता औषधे, आहार आणि त्रास कमी करणारे उपचार यांवर उरलेले दिवस घरी काढण्याचा मार्गही वैद्यकशास्त्रास मान्य आहे. काही काळ करून पाहून पुन्हा विचार करण्याचाही मार्ग आहे. रुग्णाची इच्छा काय, हे तो बोलू शकतो तोवर विचारावे.

हे संभाषण न झाल्यास निर्णयाचे ओझे शेवटी काळजी घेणाऱ्याच्याच खांद्यावर येते. रुग्ण कधीतरी म्हणतो, “आता पुरे, मला नेऊ नका.” त्या वेळी ऐकावे तर भाऊबंद म्हणतात, कंटाळा आला म्हणून बंद केले. न ऐकावे तर रुग्णाचे डोळे बघवत नाहीत. डॉक्टरांनी ही बाब सर्व आप्तांसमोर, दूरच्या मुलासही बोलावून, एकदा स्पष्ट केली आणि कागदावर नोंदविली, तर त्या एका व्यक्तीकडे बोट दाखविले जात नाही.

आणि एक दिवस ते वार थांबतात. तीन-चार वर्षे पहाटे चारला उठलेल्या त्या बाईस त्यानंतरही चारलाच जाग येते. बाटली भरायची नसते, गाडी गाठायची नसते. तेराव्यापर्यंत घर भरलेले असते. मग सर्व आपापल्या गावी जातात. आशा कार्यकर्तीच्या नोंदवहीत त्या घरापुढे रेघ मारली जाते, कारण रुग्ण उरलेला नसतो. ती रेघ आणखी तीन महिने मारू नये. महिन्यातून एकदा त्या घरी जावे, तिचा रक्तदाब पाहावा, झोप लागते का, जेवण जाते का ते विचारावे आणि बुडालेल्या गोळ्या पुन्हा सुरू करून द्याव्यात. तिचे नाव नोंदवहीत पहिल्यांदाच, तिच्या स्वतःच्या नावाने लिहावे.